मॅशअप : दोन मुळांची एक रचना

‘मॅशअप’ हा इंग्रजीतला अनौपचारिक, बोलण्यातून वर आलेला शब्द आहे. आधीपासून स्वतंत्र असलेल्या आणि लोकांच्या ओळखीच्या दोन किंवा अधिक गोष्टी एकत्र आणून जी नवी रचना तयार होते, तिला मॅशअप म्हणतात. एका गाण्यातला गायकाचा आवाज उचलून दुसऱ्या गाण्याच्या वाद्यमेळावर बसवला, की ते मॅशअप. घरभाड्याच्या जाहिराती शहराच्या नकाशावर जागच्या जागी दाखवल्या, की तेही मॅशअप. दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रेमकथेत चालतीफिरती प्रेते आणून सोडली, तरी शब्द तोच. शब्दकोशात ‘मिश्रण’, ‘सरमिसळ’ असे प्रतिशब्द मिळतात, पण त्यांतून या शब्दाचा गाभा हाती लागत नाही. मिश्रणात घटक विरघळले तरी बिघडत नाही; मॅशअपमध्ये ते विरघळून चालत नाही. ऐकणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला दोन्ही मुळे एकाच वेळी ओळखू आली पाहिजेत, सगळी मजा त्या ओळखण्यात असते. शब्दाचा वापर कुठे बरोबर आणि कुठे सैल, हे ठरवताना हीच अट कामी येते, आणि मॅशअप करणारे कायद्याच्या कचाट्यात सापडतात तेही याच अटीमुळे.

‘मॅश’ हा शब्द इंग्रजीत फार जुना आहे. बिअर करताना भरडलेले माल्ट गरम पाण्यात कालवतात. त्या कालवणाला मॅश म्हणत आणि आजही म्हणतात. त्यावरून कुस्करणे, ठेचणे, लगदा करणे असा अर्थ पसरला. उकडून कुस्करलेला बटाटा ‘मॅश्ड पोटॅटो’ झाला तो असाच. ‘मॅशअप’ या जोडरूपाचा जुना छापील दाखला १८५९ सालचा आहे. डायन बूसिकॉ या आयरिश नाटककाराच्या ‘द ऑक्टोरून’ या नाटकात एका पात्राच्या तोंडच्या सरमिसळ भाषेचे वर्णन करताना तो येतो. म्हणजे या शब्दाची सुरुवात गाण्यापासून झालेली नाही, भाषांच्या खिचडीपासून झालेली आहे. पुढे जमैकाच्या बोलीत ‘मॅश अप’ला मोडून टाकणे, नासधूस करणे असा जोरकस अर्थ आला. रेगे संगीताच्या कार्यक्रमात एखाद्याने मैफल गाजवली, की त्याने सगळे ‘मॅश अप’ केले असे कौतुकाने म्हणत. तिथली माणसे आणि तिथले संगीत ब्रिटनमध्ये पोहोचले तसा हा शब्दही पोहोचला. गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या नाइटक्लबांत आणि इंटरनेटवर दोन गाण्यांच्या जोडकामाला नाव हवे होते, तेव्हा तो तयारच होता. त्याआधी अशा कामाला ‘बूटलेग’ म्हणजे चोरटा माल, किंवा ‘बास्टर्ड पॉप’ म्हणजे अनौरस संगीत अशी नावे होती. ‘मॅशअप’मध्ये तो गुन्हेगारीचा वास नव्हता, शब्द टिकला त्याला हेही एक कारण मानायला हरकत नाही.

कल्पना मात्र नावापेक्षा जुनी आहे. १९५६ मध्ये बिल ब्यूकॅनन आणि डिकी गुडमन या दोघा अमेरिकनांनी ‘द फ्लाइंग सॉसर’ नावाची तबकडी काढली. उडती तबकडी पृथ्वीवर उतरली आहे आणि बातमीदार लोकांना प्रश्न विचारत आहे, असे तिचे स्वरूप. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणून त्या काळच्या एखाद्या लोकप्रिय गाण्याचा तुकडा वाजे. लोकांनी ती उचलून धरली आणि गाण्यांचे हक्क असणाऱ्यांनी कोर्टाची वाट धरली. कॅनडाचे जॉन ऑसवल्ड यांनी १९८५ मध्ये या प्रकाराला ‘प्लंडरफॉनिक्स’ असे नाव देऊन त्यावर निबंध लिहिला. म्हणजे ध्वनींची लूट. शब्द त्यांनी जाणून वापरला होता. त्याच नावाची सीडी त्यांनी १९८९ मध्ये तयार केली आणि फुकट वाटली. तिच्यात मायकेल जॅक्सनच्या गाण्याचे तुकडे होते. कॅनडातल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने तक्रार केली आणि उरलेल्या प्रती नष्ट कराव्या लागल्या.

आज मॅशअप म्हटल्यावर जे कानात येते, ते २००१ च्या आसपास स्थिरावले. इंग्लंडच्या रॉय कर यांनी ‘फ्रीलान्स हेलरेझर’ या टोपणनावाने क्रिस्टिना अगिलेराचा ‘जिनी इन अ बॉटल’ मधला आवाज घेतला आणि तो ‘द स्ट्रोक्स’ या न्यूयॉर्कच्या बँडच्या ‘हार्ड टू एक्स्प्लेन’ या गाण्याच्या गिटार-ड्रमवर बसवला. एक गाणे किशोरवयीनांसाठी बनवलेले गुळगुळीत पॉप, दुसरे खरखरीत रॉक. दोघांचे चाहते एकमेकांकडे ढुंकून बघत नसत. एकत्र आल्यावर दोन्ही गाणी अधिक चांगली वाटू लागली, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. शाब्दिक कोटी केलेल्या त्याच्या शीर्षकातही दोन्ही मुळांची नावे दडलेली होती, आणि तीच पुढे मॅशअपच्या नावांची रीत झाली.

या प्रकारच्या मॅशअपचे तंत्र समजून घेतले तर त्यातली कारागिरी दिसते. पहिली गरज सुटा आवाज मिळवण्याची. पाश्चात्त्य बाजारात एकेका गाण्याची जी स्वतंत्र तबकडी निघे, तिच्या दुसऱ्या बाजूला कधी केवळ वाद्यमेळ, कधी केवळ आवाज दिलेला असे. केवळ आवाजाच्या अशा मुद्रणाला ‘आकापेला’ म्हणतात. तो मिळाला नाही आणि वाद्यमेळ मात्र मिळाला, तर एक युक्ती होती: पूर्ण गाणे आणि त्याचा वाद्यमेळ एकमेकांवर तंतोतंत ठेवायचे आणि वाद्यमेळाची ध्वनिलहर उलटी करायची. जिथे एकीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा आल्याने वाद्ये एकमेकांना रद्द करतात आणि मागे आवाज उरतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘डीझर’ या फ्रेंच कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाची संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिने कोणत्याही गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे काढणे घरच्या संगणकावर शक्य झाले. ज्यासाठी पूर्वी दुर्मीळ तबकड्या शोधत फिरावे लागे, ते काम काही मिनिटांवर आले.

दुसरी गरज लय जुळण्याची. पाश्चात्त्य संगीतात लय मिनिटाला किती ठोके, या मापाने मोजतात. समजा, एक गाणे मिनिटाला ९६ ठोक्यांचे आहे आणि दुसरे १०२ ठोक्यांचे. फरक थोडा वाटतो, पण अर्ध्या मिनिटात दोन्ही गाणी तीन ठोक्यांनी एकमेकांपासून सुटतात. तबकडीच्या काळात उपाय एकच होता, दुसरी तबकडी हळू फिरवायची. १०२ ची ९६ केली की लय जुळते, पण आवाजाची पट्टी जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली येते. म्हणजे पांढरी दोनमध्ये गायलेले गाणे काळी एकमध्ये ऐकू येते. हे पहिल्या गाण्याच्या पट्टीशी जमले तर नशीब, नाही तर दोन बेसूर गाणी एकत्र. संगणकाने ही गाठ सोडवली. पट्टी न हलवता लय ताणता येते, लय न हलवता पट्टी चढवता-उतरवता येते. अमेरिकेतली ‘ॲसिड’ ही प्रणाली १९९८ मध्ये आणि जर्मनीतली ‘एबलटन लाइव्ह’ २००१ मध्ये बाजारात आली. मधल्या काळात, १९९९ मध्ये, ‘नॅपस्टर’ने एमपी३ गाण्यांची देवाणघेवाण घराघरांत नेली. माल आणि हत्यारे दोन्ही एकाच वेळी हाती आली, म्हणून मॅशअपची लाट नेमकी त्या वर्षांत उठली.

भारतीय गाण्यांच्या बाबतीत आणखी एक पेच येतो, तो तालाचा. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. केरव्यातल्या गाण्याचा आवाज दादऱ्यातल्या गाण्याच्या ठेक्यावर ठेवला आणि मात्रांचा वेग अगदी सारखा केला, तरी दोघांची सम चोवीस मात्रांनी एकदाच भेटते. एवढ्या वेळात केरव्याची तीन आवर्तने होतात आणि दादऱ्याची चार. अधल्यामधल्या सगळ्या जागी शब्दांचा जोर ठेक्याच्या विरुद्ध पडतो आणि न शिकलेल्या कानालाही काहीतरी अडखळल्यासारखे वाटते. त्यामुळे हिंदी-मराठी गाण्यांचे मॅशअप करणारे बहुधा चारच्या हिशेबात बसणारी गाणी निवडतात, आणि दादऱ्यातली सुंदर सुंदर गाणी बाजूला राहतात.

तिसरी गोष्ट स्वरसंगतीची. पाश्चात्त्य पॉप गाण्यांत चार स्वरसमूहांची एक साखळी वारंवार येते. सरगमीत सांगायचे तर सा, प, ध आणि म या स्वरांवर उभ्या राहणाऱ्या कॉर्डची. ऑस्ट्रेलियातल्या ‘द ॲक्सिस ऑफ ऑसम’ या विनोदी संगीतचमूने याच चार कॉर्डवर डझनावारी प्रसिद्ध गाण्यांच्या ओळी एकापाठोपाठ गाऊन दाखवल्या आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली. अलीकडच्या हिंदी चित्रपटगीतांतही ही साखळी भरपूर सापडते. गिटार घेऊन बसलेला मुलगा तीन वेगळ्या गाण्यांचे मुखडे एकाच कॉर्डवर सहज गातो, त्याचे इंगित हे आहे.

२००२ मध्ये मॅशअपने तळघरातून बाहेर पाऊल टाकले. बेल्जियमच्या ‘टू मेनी डीजेज’ या जोडीने त्या वर्षी ‘ॲज हर्ड ऑन रेडिओ सोलवॅक्स, भाग २’ हा अल्बम काढला. त्यांनी परवानगी मागण्याचा रीतसर मार्ग धरला. १८७ गाण्यांसाठी विचारणा झाली. ११४ ना होकार मिळाला, ६२ ना नकार, आणि ११ गाण्यांचे हक्कदारच सापडले नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनच्या ‘शुगाबेब्ज’ या गायिकांच्या गटाचे ‘फ्रीक लाइक मी’ तिथल्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचा जन्म रिचर्ड एक्स या निर्मात्याच्या चोरट्या मॅशअपमधून झाला होता. त्यात अमेरिकन गायिका अडिना हॉवर्डचा आवाज आणि गॅरी न्यूमनच्या १९७९ मधल्या गाण्याचे सिंथेसायझर होते. मूळ आवाज वापरायची परवानगी मिळाली नाही, तेव्हा शुगाबेब्जनी ते शब्द नव्याने गायले. परवानगी नाकारली गेली तर नव्याने गाऊन घ्यायचे, हा मार्ग इथे दिसला.

या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण २००४ चे आहे. रॅपर जे-झी यांचा ‘द ब्लॅक अल्बम’ २००३ मध्ये आला आणि त्याच्या केवळ आवाजाचीही आवृत्ती प्रसिद्ध झाली. इतरांनी त्यावर आपापले संगीत चढवावे, असा त्यामागे खुला इशारा होता. ब्रायन बर्टन हा तरुण ‘डेंजर माउस’ या नावाने संगीत करत असे. त्याने बीटल्सचा १९६८ चा, ‘व्हाइट अल्बम’ म्हणून ओळखला जाणारा संग्रह घेतला, त्यातले ड्रमचे ठोके, गिटारचे तुकडे, पियानोचे झंकार सुटे केले, आणि त्यांतून नवे ताल रचून त्यांवर जे-झीचा आवाज ठेवला. काळा आणि पांढरा मिळून झाला ‘द ग्रे अल्बम’. हे काम आवाजाखाली दुसरे गाणे सरकवण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे होते. बीटल्सची गाणी त्याने विटा सुट्या कराव्यात तशी सुटी करून पुन्हा रचली होती. तरीही कान देऊन ऐकले की प्रत्येक वीट कुठल्या भिंतीची ते कळते. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क असलेल्या ईएमआय कंपनीने वितरण थांबवण्याची नोटीस पाठवली. त्याचा निषेध म्हणून २४ फेब्रुवारी २००४ हा दिवस ‘ग्रे ट्यूसडे’ म्हणून पाळला गेला. दीडशेहून अधिक संकेतस्थळांनी त्या एका दिवसासाठी हा अल्बम मोफत उपलब्ध केला आणि एक लाखाहून अधिक प्रती उतरवून घेतल्या गेल्या. बर्टन पुढे नामांकित निर्माता झाला. ‘गोरिलाझ’चा २००५ चा ‘डीमन डेज’ त्याच्याच हातचा. २००४ मध्येच जे-झी आणि ‘लिंकिन पार्क’ यांनी आपापली गाणी एकत्र करून ‘कोलिजन कोर्स’ काढला, तोही स्वखुशीने. त्यातल्या ‘नम्ब / एन्कोर’ला २००६ मध्ये ग्रॅमी मिळाले. एकाच वर्षात एका मॅशअपला नोटीस जावी आणि दुसऱ्याचा मार्ग ग्रॅमीकडे जावा, एवढी या क्षेत्रात परवानगीची किंमत आहे.

परवानगीच्या वाटेला न जाणाऱ्यांत ग्रेग गिलिस हे नाव ठळक आहे. पूर्वी बायोमेडिकल इंजिनिअर असलेल्या या अमेरिकनाने ‘गर्ल टॉक’ या नावाने अल्बम काढले. २००८ च्या ‘फीड द ॲनिमल्स’मध्ये तीनशेहून अधिक गाण्यांचे तुकडे आहेत. त्याचा दावा असा, की एवढे छोटे तुकडे एवढ्या वेगळ्या रीतीने वापरणे अमेरिकन कायद्यातल्या ‘फेअर यूज’ म्हणजे रास्त वापराच्या तरतुदीत बसते. तिथली न्यायालये मात्र एका सुरात बोललेली नाहीत. १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या खटल्यात विनापरवाना तुकडा वापरणे ही सरळ चोरी ठरली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विडंबनगीताला रास्त वापराची ढाल मिळू शकते असे म्हटले. २००५ मध्ये एका अपील न्यायालयाने ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत तुकडा कितीही छोटा असला तरी परवाना हवा, असा कडक निर्णय दिला. मॅशअपची अडचण अशी, की मूळ ओळखू येणे हा त्याचा प्राण आहे आणि खटल्यात तोच पुरावा ठरतो.

भारतात एका गाण्यात निदान तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली ‘फेअर डीलिंग’ची सूट आहे, पण ती खासगी वापर, समीक्षा, वार्तांकन अशा कामांपुरती, अमेरिकेतल्या तरतुदीइतकी ऐसपैस नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ३१-सी या कलमानुसार एखाद्या गाण्याची नवी गायलेली आवृत्ती काढायची, तर मूळ मुद्रण झाले त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे जावी लागतात आणि हक्कधारकाला मोबदला द्यावा लागतो. शिवाय कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीची प्रतिष्ठा घालवणारी मोडतोड झाल्यास लेखक-संगीतकार दाद मागू शकतात. व्यवहारात, यूट्यूबवरची ओळख पटवणारी यंत्रणा हक्काचे गाणे सापडले की चित्रफितीचे उत्पन्न मूळ मालकाकडे वळवते किंवा ती बंद करते. कोर्टात जाण्याआधीच बहुतेक प्रकरणांचा निकाल तिथेच लागतो.

गाण्यांबाहेर या शब्दाने सर्वांत मोठी झेप संगणकाच्या जगात घेतली. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स सुरू झाले. पॉल रेडमाकर हे चलच्चित्रांच्या संगणकीय कामातले तज्ज्ञ सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात भाड्याचे घर शोधत होते. ‘क्रेग्जलिस्ट’वर जाहिराती होत्या, पण घर नेमके कुठे ते कळायला प्रत्येक पत्ता नकाशावर वेगळा शोधावा लागे. गूगलच्या नकाशाची आतली रचना उलगडून त्यांनी जाहिराती थेट त्यावर खुणांसारख्या मांडल्या. हे ‘हाउसिंगमॅप्स’. त्याच सुमारास एड्रियन होलोव्हॅटी यांनी शिकागो पोलिसांकडची गुन्ह्यांची नोंद नकाशावर मांडली. नकाशा वापरण्याची अधिकृत सोय नसताना हे झाले होते. गूगलने ते बंद पाडले नाही. जून २००५ मध्ये इतरांना नकाशा आपल्या पानात वापरता यावा म्हणून एपीआय, म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडून माहिती मागण्याची ठरलेली वाट, खुली केली. रेडमाकर पुढे गूगलमध्येच गेले. संगीत उद्योगाने याच काळात जी भूमिका घेतली, तिच्याशेजारी ही गोष्ट ठेवून पाहण्यासारखी आहे.

वेब-मॅशअपचा सर्वांत मोलाचा वापर केनियात झाला. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे हिंसाचार उसळला. पुढच्या महिन्यात काही केनियन कार्यकर्त्यांनी ‘उशाहिदी’ हे संकेतस्थळ उभे केले. स्वाहिली भाषेत उशाहिदी म्हणजे साक्ष. लोकांनी मोबाइलवरून आणि ईमेलवरून पाठवलेल्या घटना नकाशावर दिसू लागल्या. २०१० च्या हैतीच्या भूकंपातही हीच प्रणाली उपयोगी पडली. आज टॅक्सीची वाट पाहताना नकाशावर सरकणारी गाडी दिसते, तीही तांत्रिकदृष्ट्या तसलीच जोडणी आहे. पण तिला आता कोणी मॅशअप म्हणत नाही. जोड इतकी अंगवळणी पडली की दोन मुळे वेगळी दिसेनाशी झाली, आणि त्याबरोबर संगणकक्षेत्रातून शब्दही मागे पडला.

साहित्यात या शब्दाने मुक्काम केला तो २००९ मध्ये. फिलाडेल्फियाच्या ‘क्वर्क बुक्स’ने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज’ ही कादंबरी काढली. मुखपृष्ठावर लेखक दोन: जेन ऑस्टिन आणि सेथ ग्रॅहम-स्मिथ. ऑस्टिनच्या १८१३ च्या कादंबरीचा बहुतांश मजकूर जसाच्या तसा ठेवून अधूनमधून झॉम्बींचे हल्ले घातले आहेत. नवऱ्यामुलाच्या शोधात असलेल्या बहिणी तलवारबाजीतही तयार आहेत. ऑस्टिनची वाक्ये तिच्याच डौलात चालू असतात आणि मधेच प्रेत दार ठोठावते. हे जमले कारण ऑस्टिनच्या लेखनावरचे हक्क केव्हाच संपले होते. मराठीतही राम गणेश गडकरी, हरि नारायण आपटे यांचे लेखन आज हक्कमुक्त आहे. कोणाला असा प्रयोग करायचा तर कॉपीराइटची आडकाठी नाही. विडंबन मात्र वेगळे. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ या १९२५ च्या संग्रहात कवींच्या लकबींची नक्कल आहे, त्यांच्या तयार कवितांचे तुकडे दुसऱ्या कशाला जोडलेले नाहीत. त्यामुळे ते मॅशअपमध्ये मोडत नाही.

खाण्यापिण्यात हा शब्द सैलपणे, पण पुष्कळदा नेमका बसतो. न्यूयॉर्कमध्ये डॉमिनिक आन्सेल यांनी २०१३ मध्ये क्रॉसाँ आणि डोनट यांचा मेळ घालून ‘क्रोनट’ केला आणि लोक पहाटेपासून रांगा लावू लागले. महाराष्ट्रातल्या गाड्यांवर मिळणारी चायनीज भेळ हे याचे अस्सल देशी उदाहरण. तळलेल्या कुरकुरीत नूडल्स चुरमुऱ्याच्या जागी येतात, शेजवान चटणी चिंच-मिरचीच्या चटणीच्या जागी, कोबी आणि सिमला मिरची कांद्याच्या सोबतीला. पण कोरडे आणि ओले ऐनवेळी एकत्र कालवायचे, मऊ पडण्याआधी खायचे, हा भेळेचा कायदा जसाच्या तसा राहतो. पदार्थ चायनीजही लागतो आणि भेळही लागते. मिसळीच्या नावातच मिसळणे आहे, तरी तिला मॅशअप म्हणता येणार नाही. उसळ, कट, फरसाण, पाव एकत्र येऊन तिथे एक स्वयंपूर्ण पदार्थ झाला आहे. खाणारा ‘मिसळ’ खातो, दोन ओळखीचे पदार्थ जोडलेले खात नाही.

‘क्रोनट’ या नावातही तेच घडले आहे. दोन शब्दांचे तुकडे जोडून केलेल्या शब्दाला इंग्रजीत ‘पोर्टमँटो’ म्हणतात. लुईस कॅरल यांनी १८७१ च्या आपल्या पुस्तकात हम्प्टी डम्प्टीच्या तोंडून ही संज्ञा रूढ केली. मूळ अर्थ, मधोमध उघडणारी दोन कप्प्यांची प्रवासी बॅग. ब्रंच, स्मॉग, मोटेल, ब्रेक्झिट, हिंग्लिश, बॉलिवूड ही सगळी त्यातली. विरुष्का, दीपवीर ही नावे तर रोज वर्तमानपत्रांत दिसतात. अनौपचारिक बोलण्यात अशा शब्दांना ‘मॅशअप वर्ड’ म्हणतात, मात्र शास्त्रीय लेखनात पोर्टमँटो किंवा ‘ब्लेंड’ हेच शब्द चालतात.

शेजारच्या शब्दांपासून मॅशअपची हद्द वेगळी करणे आवश्यक आहे, कारण भारतीय वापरात ती बरीच पुसली गेली आहे. एकाच गाण्याला नवा ठेका, नवी वाद्ये दिली तर तो रीमिक्स. जुन्या गाण्याला नाशिक ढोलाचा ठेका लावून मिरवणुकीत वाजवतात, ते रीमिक्स. अनेक गाणी एकापाठोपाठ आली तर ती मेडली. कोळीगीतांच्या कॅसेटवर तिलाच ‘नॉनस्टॉप’ म्हणत. मॅशअपमध्ये गाणी एकावर एक असावी लागतात, एकामागे एक नव्हे. वर्षअखेरीला हिंदी चित्रपटगीतांचे मॅशअप काढण्याची प्रथा डीजे चेतास यांच्यासारख्यांनी लोकप्रिय केली, आणि यूट्यूबवर ‘लव्ह मॅशअप’, ‘मॉन्सून मॅशअप’ यांचा पूर आला. टी-सीरीजची २०१७ पासूनची ‘मिक्सटेप’ मालिकेत दोन गाणी गुंफून नव्याने गायली गेली. यांतले पुष्कळ काम काटेकोर अर्थाने मेडलीकडे झुकते. गाणाऱ्यांना ‘मॅशअप’ हे नाव अधिक ताजे वाटते, आणि वापर इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणून उपयोग नाही. फक्त लिहिणाऱ्याने फरक ध्यानात ठेवावा.

फ्यूजन हा आणखी वेगळा प्रकार. जॉन मॅकलॉफलिन, झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्या ‘शक्ती’ने १९७० च्या दशकात जॅझ आणि भारतीय संगीत एकत्र आणले, पण तिथे रचना नव्या होत्या, जुन्या मुद्रणांचे तुकडे नव्हते. जोडरागांचा विचारही याच ओघात करायला हवा, कारण वरवर पाहता ते मॅशअपच्या सर्वांत जवळ येतात. बसंतबहार गाताना कोमल रिषभ-धैवत आणि तीव्र मध्यमाचा बसंत समोर येतो आणि त्यालगत कोमल गंधार-निषादाचा बहार. जाणकार श्रोता दोन्ही राग वेगळे ओळखतो आणि सांधा कुठे कसा घेतला याला दाद देतो. अल्लादियाखाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची तर अशा रागांसाठी ख्याती आहे. ओळखण्याचा आनंद दोन्हीकडे सारखाच. तरी राग ही कोणाची तयार कृती नसून कृती घडवण्याची चौकट आहे, आणि मॅशअपला तयार कृतीच लागतात. म्हणून जोडरागाला मॅशअप म्हणणे सोयीचे वाटले तरी नेमके नाही.

इंग्रजीत हा शब्द नाम म्हणून एकत्र किंवा संयोगचिन्हाने जोडून लिहितात, क्रियापद म्हणून दोन शब्दांत. ‘हॉजपॉज’ किंवा ‘मिशमॅश’ यांत गोंधळाबद्दल नापसंती असते. ‘मॅशअप’मध्ये कल्पकतेची दाद असते. तरी शब्द अनौपचारिक, म्हणून अहवालात, कायदेशीर मसुद्यात किंवा शोधनिबंधात तो टाळून संमिश्र रचना, संकलन, जोडकृती असे शब्द घेतात. वर्तमानपत्री परीक्षणात, जाहिरातीत, गप्पांत तो खुशाल चालतो. मराठीत त्याचे लिंग अजून पक्के झालेले नाही. मनात ‘गाणे’ असेल तर ‘ते मॅशअप’ म्हटले जाते, ‘प्रकार’ किंवा ‘प्रयोग’ असेल तर ‘तो मॅशअप’. क्रियापद करताना ‘मॅशअप करणे’ असेच म्हणतात, आणि कशाचे, हे षष्ठीने सांगतात: लावणी आणि हिपहॉपचे मॅशअप. दोन्ही नावे वाक्यात यावीत. एकच नाव घेऊन ‘लावणीचे मॅशअप’ म्हटले, तर जोड कशाशी झाली हे वाचणाऱ्याला कळत नाही.